वारं गेल्यावर 'पांढऱ्या पेशींना काम करू द्या' : त्या मेसेजमधला एकेक दावा

'अंगावरून वारं गेलं तर घाबरू नका' अशा मथळ्याचा, पक्षाघाताबद्दलचा एक मजकूर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, गुठळी खाऊन टाकतात आणि मेंदू दुरुस्त करतात. त्यांना तीन दिवस काम करू द्यावं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये या पेशींचा काउंट वाढलेला दिसला तर ती चांगली खूण. वाढला नसेल तर गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस दर दोन तासांनी पाजावा. ताप आला तर उतरवू नये. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घेऊ नये, कारण ते या पेशी मारतं. याच मजकुराला उत्तर म्हणून दुसरा मेसेजही फिरतो. त्यात उलटं सांगितलंय : पांढऱ्या पेशीच मेंदू खातात, म्हणून घरात असेल ती स्टेरॉइडची गोळी लगेच द्या.

दोन्ही मजकुरांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटतात. पांढऱ्या पेशी मेंदूकडे जातात हे खरं, तिथे नुकसान करतात हेही खरं, आणि नंतर साफसफाई करतात हेही खरं. पण कुठली पेशी आणि कितव्या तासाला, एवढं गाळलं की उरलेला सल्ला माणसाचा जीव घेऊ शकतो.

'पेशी गुठळी खातात, तीन दिवस त्यांना काम करू द्या'

पांढऱ्या पेशी एका जातीच्या नसतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या, रिपोर्टवर टोटल काउंटखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल अशी टक्केवारी छापलेली असते ती त्यासाठीच. पक्षाघातात या पेशी मेंदूकडे येतात त्याला एक क्रम आहे.

रक्तपुरवठा तुटला की मिनिटांतच मेंदूतल्या मायक्रोग्लिया या तिथल्याच राखणदार पेशी चाळवतात. मरत चाललेल्या चेतापेशींतून गळणारी रसायनं आसपासच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतात आणि त्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं वर येतात. रक्ताबरोबर वाहणारे न्यूट्रोफिल त्यांना अडखळून भिंतीलगत गडगडत सरकू लागतात. मग आयकॅम-१ हे दुसरं प्रथिन त्यांना जागच्या जागी घट्ट धरतं. एवढं सगळं पहिल्या काही तासांत घडतं. पुढे यांतले काही भिंतीतून बाहेर पडतात, काही वाहिनीच्या आतच किंवा तिच्या कडेने राहतात. त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते ती साधारण पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत. म्हणजे मेसेज ज्या तीन दिवसांत हात बांधून बसायला सांगतो, ते नेमके न्यूट्रोफिलचे दिवस, आणि दुरुस्ती हे न्यूट्रोफिलचं काम नव्हे. जंतू मारणं हे त्यांचं काम. पक्षाघातात मेंदूत जंतू नसतात, पण आल्यावर ही पेशी सोडते ती रसायनं तीच.

नुकसान तीन जागी होतं.

पहिली जागा केशवाहिन्या. त्यांची रुंदी जेमतेम ५ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी पेशी लवचीक असते, दुमडून निघून जाते. न्यूट्रोफिल काचपट्टीवर मोजला तर १२ ते १५ मायक्रॉनचा भरतो आणि शिवाय ताठर असतो. दोन्ही बाजूंना गडगे असलेल्या पाणंदीत ट्रक घुसावा तसा तो अडकतो आणि मागचं सगळं थांबवतो. म्हणूनच कधी कधी मोठी धमनी उघडूनही तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा अडकलेल्या पेशी केशवाहिन्यांत प्रत्यक्ष दिसल्या आहेत.

दुसरी जागा वाहिनीची भिंत. न्यूट्रोफिलच्या पोटात एमएमपी-९ नावाचं विकर (एन्झाइम) तयार भरलेलं असतं. केशवाहिनीला बाहेरून धरून ठेवणारं पातळ पटल ते विरघळवतं. पटल गेलं की पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपतात, सूज चढते. पटल जास्तच गेलं तर रक्तही झिरपतं, आणि गुठळीने सुरू झालेला पक्षाघात रक्तस्रावाचा होऊन बसतो. सूज बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सर्वाधिक असते. 'पहिल्या दिवशी बरा बोलत होता, तिसऱ्या दिवशी गुंगीत गेला' असं नातेवाईक सांगतात, त्यामागे पुष्कळदा हीच सूज असते.

तिसरी जागा म्हणजे खुद्द गुठळी. न्यूट्रोफिल ती खात नाहीत, उलट तिला घट्ट करतात. मरताना ते आपल्या केंद्रकातल्या डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन (गुठळी बांधून ठेवणारे प्रथिनाचे धागे) गुंतून बसतात. रुग्णांच्या मेंदूतून, धमनीत घातलेल्या तारेने ओढून काढलेल्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ही जाळी सापडली. प्रयोगशाळेत अशा गुठळ्यांवर नेहमीच्या औषधाबरोबर डीएनए तोडणारं विकर घातलं तेव्हा त्या लवकर विरघळल्या. गुठळीतलं फायब्रिन तोडणारा पदार्थ प्लाझ्मिन आहे, आणि तो पांढरी पेशी नव्हे.

हे सगळं चालू असताना चेतापेशी थांबून राहत नाहीत. मोठ्या धमनीचा पक्षाघात असेल तर उपचारावाचून दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ साली मांडलेला हिशोब आहे. तीन दिवस वाट पाहिल्यावर वाचवण्यासारखं मेंदूत फारसं काही उरत नाही.

आता मेसेजमधलं खरं. साधारण तिसऱ्या दिवसापासून मोनोसाइट येतात, मेंदूत शिरून मॅक्रोफेज होतात आणि मेलेल्या पेशींचा ढिगारा गिळायला लागतात. पुढच्या दिवसांत त्यांच्यातूनच जखम भरून आणणारी रसायनं निघतात. टी-पेशी या लिम्फोसाइटच्याच एका प्रकारातला एक गट दाह आवरतो. उंदरांत मोनोसाइट मुद्दाम कमी केल्यावर मेंदूत रक्तस्राव वाढला, म्हणजे वाहिनीची भिंत सावरायलाही या पेशी लागतात. मेसेज लिहिणाऱ्याने आठवड्याच्या शेवटी चालणारं हे काम उचललं आणि पहिल्या तासावर नेऊन चिकटवलं.

'काउंट वाढला म्हणजे शरीर जिंकतंय'

बाजारातल्या लॅबमध्ये पुरुष-स्त्री दोघांसाठी टोटल काउंटची नेहमीची मर्यादा ४,००० ते ११,००० अशी छापलेली असते. पक्षाघाताच्या पहिल्याच दिवशी तो वर जाणं सामान्य आहे. मेंदूला धक्का बसला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात. वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात उतरतात आणि त्याच वेळी लिम्फोसाइट घटतात. उदाहरणादाखल एक रिपोर्ट घ्या : टोटल १३,२००, न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के. म्हणजे न्यूट्रोफिल ११,०८८ आणि लिम्फोसाइट १,३२०. भागाकार ८.४. निरोगी माणसात हा आकडा बहुधा १ ते ३ मध्ये असतो. तो जितका चढा, तितका मेंदूचा मेलेला भाग मोठा, रक्तस्रावाची शक्यता जास्त आणि तीन महिन्यांनंतरचं अपंगत्वही जास्त, असंच अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जिंकल्याची खूण म्हणून याकडे पाहता येत नाही. या एका आकड्यावर औषध ठरवायचंही नसतं.

हाच आकडा पाहून दुसरी चूकही होते : 'काउंट वाढलाय, इन्फेक्शन आहे, भारी अँटिबायोटिक चालू करा.' पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो असतो आणि त्यात न्यूट्रोफिल वाढतात, त्यामुळे ही शंका साहजिक आहे. (दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या माकडतापात तर उलट काउंट घसरतो.) पण पक्षाघातात ताप नाही, खोकला नाही, लघवी स्वच्छ आहे आणि नुसता काउंट १२-१३ हजार आहे, तर तो मेंदूच्या धक्क्याचा असू शकतो. सरसकट अँटिबायोटिक देऊन पाहिलं गेलं आहे. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांहून जास्त रुग्णांना अशा चाचणीत घेतलं. त्यांतल्या निम्म्यांना सेफ्ट्रिॲक्झोन रोज २ ग्रॅम, चार दिवस दिलं. निकाल २०१५ साली आला. इन्फेक्शनं कमी झाली, पण तीन महिन्यांनी रुग्ण किती हिंडता-फिरता आहे यात फरक पडला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधून गिळायला त्रास असलेल्या रुग्णांवरची चाचणी आली. तिथे न्यूमोनियाही कमी झाला नाही. अँटिबायोटिक द्यायचं ते इन्फेक्शन सापडल्यावर.

आणि ते सापडतं. पक्षाघातानंतर लिम्फोसाइट घटल्यामुळे प्रतिकारशक्ती काही दिवस खरोखर खाली जाते. साधारण दहातल्या तिघांना कुठलं ना कुठलं इन्फेक्शन होतं, त्यात छातीचं आणि लघवीचं मुख्य.

'गुळवेल आणि पपईचा रस पाजून पेशी वाढवा'

पांढऱ्या पेशी मुद्दाम वाढवून पक्षाघात सुधारतो का, हे काढ्यापेक्षा कितीतरी जोरदार औषधाने तपासून झालं आहे. जी-सीएसएफ हे इंजेक्शन केमोथेरपीनंतर काउंट वाढवायला सर्रास वापरतात. पक्षाघाताच्या ३२८ रुग्णांवरच्या चाचणीत ते शिरेतून तीन दिवस दिलं. काउंट अपेक्षेप्रमाणे चढला. २०१३ साली निकाल छापला गेला तेव्हा ९० दिवसांनंतरच्या अपंगत्वात फायदा दिसला नाही. पपईच्या पानांचा रस आपल्याकडे आला तो डेंग्यूतल्या प्लेटलेटसाठी. पक्षाघाताशी त्याचा संबंध जोडायला काही आधार नाही. गुळवेलीचे काढे जास्त घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

पण काढ्यात काय आहे यापेक्षा तो तोंडाने जातो, हा धोका मोठा आहे. ताज्या पक्षाघातात साधारण निम्म्या रुग्णांचं गिळणं बिघडलेलं असतं. घशाचे स्नायू वेळेवर वर उचलले जात नाहीत, श्वासनलिकेचं झाकण नीट मिटत नाही आणि पातळ पदार्थ सरळ फुप्फुसात उतरतो. काही रुग्णांना खोकलाही येत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं छान प्यायले. दोन दिवसांनी ताप, धाप, खालच्या बाजूच्या फुप्फुसात खरखर. आपल्याकडे आजारी माणसाच्या तोंडात आधी चमचाभर पेज घालायची सवय आहे. ती मायेची आहे, पण इथे पातळ पेज सर्वांत वाईट, कारण ती तोंडात थांबत नाही, थेट घशात घसरते.

गिळणं तपासायची रीत अशी. रुग्ण जागा हवा, सरळ बसलेला हवा, तोंड स्वच्छ केलेलं हवं. प्रशिक्षित नर्स चमच्याने ५ मिली पाणी देते, गळ्यावर बोटं ठेवून गिळताना कंठ वर उचलला जातो का ते बघते आणि मग रुग्णाला 'आऽ' म्हणायला लावते. आवाज ओला, घरघरता आला, ठसका लागला, ओठाच्या कडेने पाणी ओघळलं किंवा श्वास चढला की चाचणी तिथेच थांबते. काही झालं नाही तर चमचा दोनदा आणखी, मग ५० ते ९० मिली पाणी पेल्याने. ही तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काहीही नको : पेज नको, साखरपाणी नको, गोळी नको. ॲस्पिरिनही घरी नको. बाहेरून गुठळीचा पक्षाघात आणि रक्तस्रावाचा पक्षाघात सारखेच दिसतात, आणि सीटी किंवा एमआरआय स्कॅनशिवाय कुणालाच ते ओळखता येत नाही.

'ताप म्हणजे पेशींची लढाई, उतरवू नका'

चुकीचं आहे. अंग गरम झालं की आधीच उपाशी असलेल्या चेतापेशींची प्राणवायूची गरज वाढते आणि दाहही वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटपैकी (पक्षाघाताच्या रुग्णांसाठीच्या विभागांपैकी) काहींत नर्सच्या हाताखाली तीन गोष्टी नेमाने सांभाळून पाहिल्या : तापमान ३७.५ सेल्सिअसला, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटला पोचलं की पॅरासिटामॉल, साखर चढली की इन्सुलिन, आणि गिळण्याची तपासणी झाल्यावरच अन्न. २०११ मध्ये निकाल आला : तीन महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले ४२ टक्के. जिथे असं नेमाने केलं नव्हतं तिथे ५८ टक्के. हा गुण तिन्ही गोष्टींचा मिळून आहे. ताप नसताना आधीपासूनच पॅरासिटामॉल चालू ठेवल्याने फायदा दिसलेला नाही. आणि गिळण्याची खात्री नसेल तर औषध शिरेतून किंवा गुदद्वारातून द्यायचं. ताप उतरवतानाच तो कशाने आला तेही शोधायचं : छाती, लघवीची नळी, सलाइनची जागा.

'इंजेक्शन पांढऱ्या पेशी मारतं'

गुठळी विरघळवायचं हे इंजेक्शन म्हणजे अल्टेप्लेस. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे कापतं. पेशी मारत नाही. मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. त्यातला दहावा हिस्सा एका दमात, उरलेलं तासाभरात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण ५४ मिलिग्रॅम, पैकी ५.४ आधी. त्याआधी सीटी, बोटातून साखर, आणि रक्तदाब १८५/११० च्या खाली आणलेला हवा.

या औषधाचा खरा धोका रक्तस्रावाचा आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. १९९५ च्या मूळ अमेरिकन चाचणीत लक्षणं बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के आणि न मिळालेल्यांत ०.६ टक्के होता. तरीही तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण सावरलेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्यांत जास्त निघालं. इथेच पांढऱ्या पेशींचा धागा पुन्हा येतो. प्रयोगशाळेत अल्टेप्लेस न्यूट्रोफिलना एमएमपी-९ सोडायला लावतं असं दिसलं आहे. जितका उशीर, तितके जास्त न्यूट्रोफिल भिंतीला लागलेले आणि तितकी भिंत कच्ची. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत हे इंजेक्शन द्यायचं, ही मर्यादा येते ती याच दिशेने : वेळ गेली की फायदा घटत जातो, रक्तस्रावाचा धोका मात्र उरतो.

'मग स्टेरॉइड देऊन पेशी दाबू या'

पहिल्या मेसेजला उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हाही रस्ता आधी चालून झालेला आहे आणि तो महाग पडला. न्यूट्रोफिलला धरणाऱ्या आयकॅम-१ लाच बांधून टाकणारी एन्लिमोमॅब ही अँटिबॉडी ६२५ रुग्णांवर वापरली. २००१ साली कळलं की औषध घेतलेल्यांत मृत्यू २२.२ टक्के आणि न घेतलेल्यांत १६.२ टक्के झाले, ताप आणि इन्फेक्शनही जास्त. ती अँटिबॉडी उंदराची होती. मानवी शरीराने तिला परकी मानलं, आणि शांत व्हायच्या न्यूट्रोफिलना तिनेच चेतवलं असावं. २००३ मध्ये न्यूट्रोफिल रोखणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची ९६६ रुग्णांवरची चाचणी आली, फायदा शून्य. २०१७ आणि २०२० मध्ये, पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणाऱ्या नॅटॅलिझुमॅब या औषधाच्या दोन चाचण्यांचे निकाल आले, त्यांनीही निराश केलं.

कारणं समजण्यासारखी आहेत. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी असतो, वाहिनी ठरलेल्या वेळी बांधून ठरलेल्या वेळी सोडलेली असते आणि औषध तासाभरात मिळतं. रुग्ण सत्तरीचा, मधुमेही, आधीच छातीत कफ असलेला, औषध पाचव्या-सहाव्या तासाला. शिवाय या पेशी सरसकट रोखल्या की छातीतल्या जंतूंनाही मोकळं रान मिळतं.

स्टेरॉइडने मेंदूची सूज उतरते हा अनुभव ट्यूमरच्या रुग्णांतला आहे. पक्षाघातातली सूज वेगळी आहे, आणि नेहमीच्या पक्षाघातात स्टेरॉइड देऊ नये असंच मार्गदर्शन आहे. साखर चढते, इन्फेक्शन वाढतं. अपवाद म्हणून चीनमधली २०२४ ची एक मोठी चाचणी आहे. मोठ्या धमनीतली गुठळी तारेने काढायच्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस शिरेतून दिलं. अपंगत्वाच्या मुख्य मापावर ठोस फरक दिसला नाही, मृत्यू मात्र कमी झाले. हा धागा संशोधक पुढे नेतील. पण ती मात्रा कॅथलॅबमधल्या, म्हणजे धमनीत तार घालून उपचार चाललेल्या, रुग्णाची होती. दम्यासाठी आणलेल्या, फडताळातल्या गोळीला तो आधार लागू होत नाही.

'घाई नको'

कोकणात घाई लागतेच, ती अंतरामुळे. साडेचार तासांतून रुग्णालयात पोचल्यावर सीटी आणि तयारीसाठीचा एक तास वजा करा, साडेतीन उरतात. देवगड, गुहागर किंवा राजापुरातल्या आतल्या वाडीतून महामार्गाला लागायलाच त्यातला बराच वेळ जातो. सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला, रत्नागिरीतले कोल्हापूरला, उत्तरेकडचे मुंबई-पुण्याला जातात. पावसाळ्यात आंबोली किंवा आंबा घाटात दरड आली की हिशोब बिघडतो. त्यामुळे १०८ ला फोन करतानाच विचारा की सीटी स्कॅन आत्ता चालू असलेलं आणि गुठळीचं इंजेक्शन देणारं सर्वांत जवळचं ठिकाण कुठलं. जवळ असलेल्या पण सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाइन लावून बसण्यात तास जातात.

तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर धरला तर खाली आला, बोलणं जडावलं, अचानक तोल गेला किंवा एका बाजूचं दिसेनासं झालं, यांतलं एकही दिसलं तरी निघा. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. झोपेतून उठताना लक्षणं दिसली तर वेळ उठल्याची धरू नका, झोपायला गेला ती धरा. साडेचार तास उलटले म्हणून घरी थांबू नका. मोठ्या धमनीतली गुठळी निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेने काढता येते. वाटेत रुग्णाला कुशीवर ठेवा, डोकं थोडं उंच, तोंडात काही नाही. आणि औषधांची पिशवी सगळीच उचला. त्यात वॉरफरिन, ॲसिट्रॉम किंवा दुसरी रक्त पातळ करायची गोळी असेल, तर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते दारातच डॉक्टरांना सांगा. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) १.७ च्या वर असेल तर ते इंजेक्शन देता येत नाही आणि पुढचा मार्ग त्याच क्षणी बदलावा लागतो.